भोंगा सातचा, आई साडेआठची

संध्याकाळची कसारा लोकल. टिटवाळा गेलं की लेडीज डब्यात जरा पाय टेकायला जागा होते. मग पिशव्यांतून मेथीच्या जुड्या बाहेर येतात, कुणी मटार सोलायला घेतं, कुणी खिडकीला डोकं टेकून दोन मिनिटं डोळे मिटतं. डिसेंबर २०२५ मधली गोष्ट. एकीने फोनवर बातमी वाचून दाखवली, ‘ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक बंद!’

डब्यात एकदम जान आली. ‘आपल्याकडे कधी येणार गं असा कायदा?’ ‘आला की पहिला माझ्या घरी लावा.’ ‘आमच्या ह्यांनाही लावा, वय काही बघू नका!’

हसलो सगळ्याच. आणि हसता हसता जवळजवळ प्रत्येकीने आपापला फोन काढला. घरी मुलं काय करतायत ते विचारायला. मुलांच्या हातात फोन नको म्हणणाऱ्या आम्ही, मुलांनी तिसऱ्या रिंगला फोन उचलला नाही तर कासावीस होणाऱ्याही आम्हीच.

आसनगाव, आटगाव, खर्डी या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांचं हेच चित्र आहे. आसनगावच्या पुढे गाड्या कमी. एक कसारा गाडी चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं. पहाटे साडेचारला उठून डबे करून निघालेली आई रात्री आठ-साडेआठला घरात पाय ठेवते. वडील कंपनीत पाळीला, नाहीतर हायवेवर गाडी घेऊन. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत घरात असतात ती दोन मुलं आणि एक फोन. तो फोन काढून घ्या म्हणणं सोपं आहे. पण मग ‘आई, गाडी लेट आहे का?’ हे तरी मुलांनी कशावरून विचारायचं?

ऑस्ट्रेलियाने नेमकं काय केलं?

आधी ती बातमी नीट समजून घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठिकाणी सोळा वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं ठेवता येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप यात धरलेलं नाही. खात्याशिवाय यूट्यूब बघायलाही बंदी नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दंड मुलाला नाही, आईबापांनाही नाही. मुलांना रोखण्यासाठी कंपनीने पुरेशी पावलं उचलली नाहीत, तर दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. म्हणजे त्या सरकारने निदान एवढं मान्य केलं, की हा दोष एकट्या आईच्या संस्कारांचा नाही. आपल्याकडे पोरगं बिघडलं की पहिलं बोट आईकडे. ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई शोधून सापडायची नाही.

आणि खरंच, या खेळात आपली बाजू लंगडीच आहे. टीव्हीवरची मालिका अर्ध्या तासाने संपते. रील संपतच नाही. आपण कुठल्या चित्रावर दोन सेकंद जास्त थांबलो याचीही नोंद तिकडे होते आणि त्याच धर्तीचं पुढचं समोर येतं. हे थांबू नये म्हणून डोकं लढवायला तिकडे मोठमोठे इंजिनीअर पगारावर बसवलेत. त्यांच्यासमोर उभी कोण, तर दिवसभर राबून दोन पिशव्या घेऊन घरी आलेली तुम्ही-आम्ही.

आपल्याकडेही कायदा झालाय. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यात अठरा वर्षांखालचं ते मूल. मुलाची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीने पालकांची संमती घ्यायची, ती पालकांचीच आहे याची खात्री करायची. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. या मुख्य तरतुदी लागू व्हायला नियमांनी दीड वर्षाची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७.

कायदा चांगला आहे. पण माझ्यासारखीच्या घरात काय होईल? फोन माझ्या नावावर, सिम माझ्या नावावर, ओटीपी माझ्या फोनवर, आणि फोन कुणाच्या हातात? मुलाच्या. अ‍ॅप उतरवून देतो तोच, पासवर्ड त्यालाच ठाऊक. आईची संमतीही उद्या तोच देऊन मोकळा होईल!

वडगावचा भोंगा

कायद्याची वाट न बघता एका गावाने काय केलं ते बघू. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, साधारण तीन हजार वस्तीचं. कोविडच्या काळात अभ्यास फोनवर आला. शाळा पुन्हा भरल्या, पण फोन काही हातातून सुटेना. मुलं लिहायला-वाचायला कंटाळतात, शाळेच्या आधी आणि नंतर फोनमध्येच असतात, अशी तक्रार शिक्षकांकडून येऊ लागली. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली, की रोज संध्याकाळी ठराविक वेळ सगळ्या गावाने फोन आणि टीव्ही बंद ठेवायचा. पुरुष मंडळी हसली म्हणे.

मग बोलावली महिलांची ग्रामसभा, १४ ऑगस्ट २०२२ ला. तिथे बायकांनी मोकळेपणाने कबूल केलं, की आम्हीही मालिकांच्या नादी लागलोय, बंद ठेवायचं तर सगळ्यांनीच ठेवू. निर्णय झाला. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. देवळावर भोंगा बसवला. संध्याकाळी सातला तो वाजला की टीव्ही बंद, फोन बाजूला, साडेआठपर्यंत. मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला किंवा बोलायला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेनेही ठराव केला. तो वेगळा होता. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी.

दोन्ही गावांची तळमळ एकच. पण मला वडगावची वाट जास्त पटते. बान्सीचा नियम लहानांसाठी. वडगावचा नियम सगळ्यांसाठी. सातला भोंगा वाजल्यावर आजोबांच्या बातम्याही बंद आणि आईची मालिकाही बंद. या वयातल्या मुलांना अन्याय फार लवकर दिसतो. ‘तू रात्री अकरापर्यंत रील बघतेस ते चालतं, मी बघितली की लगेच ओरडतेस’ हे मला माझ्या नववीतल्या मुलाने तोंडावर सुनावलंय. उत्तर नव्हतं माझ्याकडे. फोन उशाखाली सरकवला आणि गप्प बसले.

पण मैत्रिणींनो, वडगावचा भोंगा उचलून आटगावला बसवता येईल का? तिकडे सातला भोंगा वाजतो तेव्हा आमची गाडी वाशिंद-आसनगावच्या आसपास असते. तिकडे साडेआठला फोन पुन्हा सुरू होतात, तेव्हा इकडे आई चपला काढत असते. जी वेळ पाळायची ती पाळायला आईच घरात नाही. मग भोंगा वाजवायचा कुणासाठी?

फोन हातात दिला कुणी?

आमच्या शहापूर तालुक्यातल्या तानसा, भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. डेटा मात्र बारा महिने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि महिन्याला पुरवून वापरायचं इंटरनेट एकदम रोजचं झालं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ असं सरकारने म्हटलं आणि पोटाला चिमटा काढून आपण फोन घेतले. काहींनी कानातलं मोडलं, काहींनी बचत गटातून कर्ज उचललं. जिथे रेंज मिळेल त्या टेकाडावर मुलं जाऊन बसायची. तेव्हा ‘फोन घे, अभ्यास कर’ म्हणणारे आपणच होतो. आता ‘फोन ठेव, अभ्यास कर’ म्हणणारेही आपणच. मुलं गोंधळणार नाहीत तर काय?

‘प्रथम’ संस्थेचा ‘असर २०२४’ हा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांना त्यात फोनबद्दल विचारलं होतं. ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी काहीतरी केलं होतं आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया वापरला होता. इथवर नवल नाही. पुढचं वाचा. सोशल मीडिया वापरणाऱ्यांत त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची हे ६२ टक्के मुलांना माहीत होतं. आपलं खातं परक्यांना दिसणार नाही असं कसं ठेवायचं हे साधारण ५५ टक्क्यांना. म्हणजे जवळजवळ निम्मी मुलं दार सताड उघडं टाकून बसली आहेत. पोहायला न शिकवता आपण त्यांना भातसाच्या पाण्यात सोडलंय.

तीन आठवडे गप्प राहिलेली मुलगी

आता मला खरं सांगायचंय ते सांगते. आमच्या गाडीतल्या एका मैत्रिणीची ही गोष्ट. नाव-गाव नको.

तिची मुलगी शिकायला रोज गाडीने जाते. हुशार, जरा अबोल. कुणीतरी तिच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवरचा फोटो उचलला आणि इन्स्टाग्रामवर तिच्या नावाचं खोटं खातं उघडलं. त्यावरून काही मुलांना नको ते मेसेज गेले. मग मुलं येता-जाता हसायला लागली. एकाने धमकी दिली, की बोलली नाहीस तर फोटो आणखी ‘तसले’ करून टाकीन. हल्ली ते करायला फार अक्कल लागत नाही, साध्या फोटोचं काहीही बनवून देणारी यंत्रं आलीत.

मुलगी तीन आठवडे गप्प होती. जेवण कमी झालं, डोकं दुखतं म्हणून घरी राहू लागली. आईला वाटलं, परीक्षेचं टेन्शन. शेवटी शेजारच्या एका मुलीकडून कळलं. आईने पोटाशी धरून विचारलं, ‘अगं, मला का नाही सांगितलंस?’

मुलगी म्हणाली, ‘तू फोन काढून घेतला असतास. आणि बाबांनी माझं शिक्षण बंद केलं असतं.’

गाडीत हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. डबा गप्प झाला. कारण त्यातल्या प्रत्येक आईने कधी ना कधी हे वाक्य घरात उच्चारलेलं होतं. ‘परत असलं काही दिसलं ना, तर फोनही बंद आणि शाळाही बंद!’ आपण ते रागात बोलतो आणि विसरतो. मुली विसरत नाहीत. मुलाला फोनवरून ओरडा बसतो, मुलीच्या शिक्षणावरच गदा येते, हे त्यांनी आजूबाजूला बघितलेलं असतं. धमकावणाऱ्यालाही हे नेमकं ठाऊक असतं. त्याचं सगळं बळ एवढ्यावरच असतं, की ही घरी सांगणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. फोनला वेळेचं बंधन घाला, जरूर घाला. पण मुलीला आपल्याकडे यायची वाट बंद होईल असं एकही बंधन घालू नका. त्या पोराच्या धमकीपेक्षा आईचीच भीती जास्त वाटत असेल, तर कसलाही कायदा आणि कसलाही भोंगा तिच्या उपयोगाचा नाही.

मैत्रिणीने पुढे काय केलं तेही सांगते, कारण ते प्रत्येकीला माहीत हवं. तिने काही पुसून टाकलं नाही. मेसेजचे, त्या खात्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. खात्याची इन्स्टाग्रामकडे तक्रार केली. नवऱ्याला आधी समजावलं, मग दोघं मुलीला घेऊन पोलिसांत गेली. खातं बंद झालं. मुलगी पुन्हा गाडीने जाऊ लागली.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलीला असा त्रास देणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्याही. बायका-मुलांच्या अश्लील फोटो-व्हिडिओची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. सायबर हेल्पलाइन १९३०, मुलांसाठी १०९८. धमकावणाऱ्याला पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. मुलगा असला तरी हेच. अनोळखी ‘मुली’चा व्हिडिओ कॉल घेऊन फसलेली मुलंही लाजेपोटी गप्प राहतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, तरी आईच्या खात्यातून पैसे गेले असतील तर मुलगा सांगायला घाबरतोच. पैशाची फसवणूक असेल तर पहिल्या तासाभरात १९३० ला फोन केलेला बरा, पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

आमचा भोंगा साडेनऊचा

त्या दिवसानंतर मी घरी काय बदललं? फार मोठं काही नाही. पण सांगते.

सातची वेळ आम्हाला जमणारी नव्हती, म्हणून आम्ही साडेनऊची धरली. जेवणं आटोपली की घरातले सगळे फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर. सगळे म्हणजे माझा आणि ह्यांचाही. ‘मला कामाचा फोन येतो’ असं ह्यांचं म्हणणं पडलं. ठीक आहे, रिंग मोठी ठेवा, वाजला तर उठून घ्या. ‘गजर कशावर लावायचा?’ असं मुलाने विचारलं. गजराचं साधं घड्याळ आणलं. पहिले चार दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं. पाचव्या दिवशी मुलाने कपाटातून कॅरम काढला. रोज काढतो असं नाही, पण काढतो.

मी घरी नसते त्या वेळेसाठी एवढंच ठरवलं, की फोन बाहेरच्या खोलीत वापरायचा, दार लावून नाही. अभ्यासाचं आधी वहीत उतरवून घ्यायचं. मोडतो का हा नियम? मोडतो. मी बघायला नसते. पण रोज उलटतपासणी घेण्यापेक्षा मी विचारते, ‘आज काय मजेशीर पाहिलंस?’ त्यावर तो जे सांगतो, ते पाळत ठेवून कधीच कळलं नसतं.

रविवारी अर्धा तास मी त्याची विद्यार्थिनी. ‘शिकव मला’ म्हटलं की या वयातली मुलं खुलतात. त्यानेच मला दाखवलं, की व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी फक्त ओळखीच्यांना दिसेल असा ठेवता येतो आणि अनोळखी माणसाने आपल्याला ग्रुपमध्ये घालू नये अशीही सोय आहे. इन्स्टाग्रामवर तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी वेगळं खातं असतं. ते मुळातच खासगी असतं, अनोळखी लोकांचे मेसेज त्यावर येत नाहीत, रात्री दहा ते सकाळी सात सूचना वाजत नाहीत. ही पद्धत आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाली. मी विचारलं, ‘मग तुझं तसं का नाही?’ तो ओशाळून म्हणाला, ‘मी जन्मसाल दोन हजार टाकलंय.’ ओरडले नाही. दोघांनी बसून ते दुरुस्त करून घेतलं.

आणि शेवटचं, सगळ्यात अवघड. मी दोन्ही मुलांना समोर बसवून शब्द दिला. काहीही झालं, कितीही मोठी चूक झाली, तरी मला येऊन सांगितलंत तर फोन जाणार नाही आणि शाळा तर मुळीच जाणार नाही. आधी ऐकून घेईन, मग बोलेन. धाकटी सातवीत आहे. ती म्हणाली, ‘बाबांचं पण हेच आहे का?’ ह्यांना त्या वेळी पेपर खाली ठेवून ‘हो’ म्हणावं लागलं.

हे करूनही एखादं मूल फोनवाचून जेवत नाही, झोपत नाही, अंगावर येतं, शाळेला जायचं नाव काढत नाही, असं होऊ शकतं. मग तो हट्ट म्हणून सोडून देऊ नका आणि मारूही नका. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थेत २०१४ पासून अशा त्रासासाठी स्वतंत्र क्लिनिक चालतं, म्हणजे हा उपचार होण्यासारखा त्रास आहे. आपल्याला तितक्या लांब जायची गरज नाही. ‘टेली मानस’च्या १४४१६ या नंबरवर फोन करून मोफत सल्ला मिळतो.

एकटीच्या घरात नियम टिकवणं कठीण जातं. ‘सगळे ऑनलाइन असतात, मी एकटाच नाही’ हे मुलांचं म्हणणं खोटं नसतं. म्हणून आमच्या आळीतल्या पाच घरांनी मिळून साडेनऊ ही वेळ धरली. वडगावला हेच तर जमलं, नियम एका घराचा राहिला नाही. तुमच्या बचत गटात, शाळेच्या पालकसभेत हा विषय काढून बघा. वेळ तुमच्या गाडीच्या, तुमच्या पाळीच्या हिशेबाने ठरवा.

आमच्याकडे देवळावर भोंगा नाही. त्याची गरजही पडत नाही. परवा रात्री एक साडी बघत बसले होते फोनवर. रंग छान होता, सेलही होता. तेवढ्यात आतून धाकटीचा आवाज आला, ‘आई, साडेनऊ!’ फोन फळीवर ठेवायला उठले, तर बाकीचे तिन्ही आधीच तिथे होते.